गमरेंची गवसणी

शांताराम गमरे यांच्याकडे बंदूक होती असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. नव्हती असं लिहिलं तर ते जिथे असतील तिथून मला खरमरीत पत्र पाठवतील. म्हणून आधीच खुलासा करून टाकतो. बंदूक होती. ठासणीची, एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. फक्त ती आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा होती आणि गमरे बहरीनमध्ये होते. तरी नव्या माणसाची ओळख झाली की नाव, गाव, हुद्दा सांगून झाल्यावर ते जरा थांबत, ताठ होत आणि म्हणत, "माझ्याकडे बंदूक आहे."

"अहो भाऊ, ती ठाण्यात आहे," मी मधेच बोलायचो.

"ठाण्यात ठेवलीय, मुकादम. आहे माझीच."

मुकादम हे माझं आडनाव. बहरीनच्या हिद्द भागातल्या एका वर्कशॉपमध्ये टाइमकीपर होतो, शिवाय टायपिंग येतं म्हणून सगळ्यांचे अर्ज माझ्याच गळ्यात. गमरे तिथे प्रेशर गेज तपासायचे. मी अठ्ठ्याऐंशी साली तिथे लागलो आणि तिसऱ्याच दिवशी कळलं की ह्यांचं गाव आमच्या गावाला खेटून, मधे फक्त एक पऱ्या, म्हणजे ओढा. आणि ह्यांचे वडील म्हणजे तेच हवालदार गमरे, ज्यांच्या बंदुकीचा बार ऐकला की माझी दादी म्हणायची, "चला, गमरे आला. नाचणी वाचली." रानातलं जे जनावर आमची नाचणी खायचं त्याचं नाव आमच्या मुसलमानांच्या घरात घेत नाहीत, मीही इथे घेणार नाही. गमरे मात्र माझ्यासमोर मुद्दाम मोठ्याने घ्यायचे, आणि मी कान झाकले की पोरासारखे खूश व्हायचे.

उंच, सडपातळ माणूस. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पेन्सिल कानावर. गेज हातात आलं की काचेवर नखाने दोनदा टकटक करायचे आणि काटा शून्यावर येतो का ते बघायचे. नाही आला तर पुढचं काही ऐकून घ्यायचे नाहीत. "साधारण" हा शब्द त्यांना चालत नसे. साधारण पाच वाजता येतो म्हटलं, की विचारायचे, पाचला पाच कमी की पाचावर पाच? आमचा इंग्रज मॅनेजर त्यांच्या सहीशिवाय एक गेज बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्यांचा मला राग यायचा, आणि त्यांच्या शेजारच्या गावचा आहे म्हणून मिरवायचोही मीच.

बंदुकीची हकीकत त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की आता ती मीच बघितल्यासारखी वाटते. वडील पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावात बंदुका तीन, तिन्ही वरच्या आळीत. बौद्धवाडीच्या शेतात जनावर शिरलं की वरच्या आळीत जायचं, अंगणाच्या कडेला उभं राहून विनवायचं. ते लोक जेवून, पान लावून, सवडीने यायचे. तोवर भात आडवं झालेलं असायचं. हवालदारांनी पेन्शन सुरू झाल्याबरोबर परवान्याचा अर्ज टाकला आणि सहा वर्षं खेटे घातले. अखेर बंदूक मिळाली तेव्हा तालुक्याहून एस.टी.ने निघाले, पण बौद्धवाडीच्या दोन थांबे आधी उतरले आणि वरच्या आळीतून भर दुपारी चालत घरी आले. शांताराम तेव्हा बारा वर्षांचा, बापाच्या मागे मागे.

"बार काढला का हो?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"छे! बार कशाला? खांद्यावर होती ना. तेवढं पुरे झालं."

घरी आल्यावर हवालदारांनी ती पोराच्या शेजारी उभी केली. "माझ्या कानाला लागली," गमरे सांगायचे, आणि सांगताना हात आपोआप कानाशी जायचा. पुढे वरच्या आळीतलेच लोक लग्नाच्या वरातीत बार काढायला बोलवायला आले, तर हवालदारांनी परवाना काढून दाखवला. "ह्यावर शेती लिहिलीय. वरात लिहिलेली नाही." त्यानंतर बंदूक कुलपाच्या पेटीत राहायची आणि पोरांनी पेटीला हात लावायचा नाही, असा नियम. शांताराम हायस्कूलला तालुक्याला गेला, मग मुंबईला, मग आखातात. बंदूक त्याच्या हातात अशी कधी आलीच नाही.

एकोणनव्वद साली हवालदार वारले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. परवाना वारसाच्या नावावर व्हायचा तर पोलीस चौकशी हवी, आणि चौकशीला अर्जदार घरी हवा. गमरेंची रजा दोन वर्षांतून एकदा, पंचेचाळीस दिवस. ते अर्ज टाकायचे, ओटीवर बसून वाट बघायचे, रजा संपली की विमानात बसायचे. आणि मग शिपाई घरी यायचा. 'अर्जदार परदेशी' असा शेरा मारून कागद परत. असं तीनदा झालं. दुसरा माणूस असता तर म्हणाला असता, खलास, जाऊ दे ती बंदूक. हे कसले ऐकतात!

उलट ह्यांनी पहिला कागद परत आला तेव्हाच बहरीनमध्ये बंदूकवाल्यांची बैठक सुरू केली होती. डिसेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी, माहूजमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, दुपारच्या जेवणाला. विमलवहिनी सफी मासा तळायच्या, खाली बेकरीतून गरम खुबूस यायचा. सभासद तीन. एक गमरे. दुसरे मुहर्रकचे पारकर, एअरपोर्टच्या कार्गोत होते, त्यांच्या घरी गावाला परवान्याची एकनळी होती. तिसरा सकपाळ इलेक्ट्रिशियन, त्याच्याकडे छऱ्यांची एअरगन होती आणि तेवढ्यासाठी त्याला मताचा अधिकार नव्हता. माझ्याकडे काहीच नव्हतं म्हणून मी लिहून घ्यायचो.

जेवण झालं की प्रत्येकाने उभं राहून येत्या वर्षाचा संकल्प आणि येत्या वर्षाची खरेदी सांगायची. पारकर दरवर्षी सांगायचे, "पुढच्या साली नवी दुनळी घेणार, इंशाल्ला. आणि वजन कमी करणार. गेल्या रजेत माळ्यावर चढलो तर माळाच खाली आला." सकपाळ सांगायचा, नेम सुधारणार. मग गमरे उठायचे. त्यांचं पहिलं वाक्य कधी बदललं नाही. "संकल्प: बंदूक माझ्या नावावर." खरेदी मात्र दरवर्षी नवी. एका वर्षी तेलाची पितळी कुपी. एका वर्षी नळी पुसायला फलालीनचा अख्खा तागा. एका वर्षी बंदूक ठेवायला लोखंडी कपाट, ते सी-कार्गोने गावाला गेलंसुद्धा. आई त्यात कुळीथ ठेवते, असं वहिनींनी मला हळूच सांगितलं.

त्यांची मुलगी सुजाता तेव्हा इंग्रजी शाळेत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीतून. एकदा ती सोफ्यावरून ओरडली, "पपा, यू आर बायिंग क्लोद्ज फॉर अ गन दॅट्स इन जेल!"

"जेलमध्ये नाही, बाळ," गमरे अगदी शांतपणे म्हणाले. "जमा आहे."

बंदूक ठासायचा गज त्यांनी वर्कशॉपच्या लेथवर स्वतः केला होता, पितळेचा, आरशासारखा लख्ख. रजेवर जाताना तो बॅगेत घातला. मुंबईला कस्टमच्या माणसाने तो बाहेर काढून विचारलं, हे काय? दुसरा कोणी म्हणाला असता, पडद्याचा रॉड. गमरे म्हणाले, "माझ्या बंदुकीचा गज." बंदूक कुठाय? "पोलीस ठाण्यात." का? "जमा आहे." तीन तास बसवून ठेवलं त्यांना. बाहेर वहिनी आणि सुजाता टॅक्सी धरून उभ्या. मी नंतर त्यांना चांगलंच झापलं, की भाऊ, रॉड म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? तर म्हणे, "आठ महिने खपून केलेल्या वस्तूला मी पडद्याचा रॉड म्हणू?"

आणि एक्याण्णवच्या जानेवारीत लढाई पेटली तेव्हाची गोष्ट तर मी मरेपर्यंत सांगेन. भोंगे वाजायचे, गमरेंच्या बिल्डिंगमधले सगळे जिन्याखाली गोळा व्हायचे. कोणाच्या हातात पासपोर्ट, कोणाच्या कडेवर पोर. पारकर आणि मी तेव्हा गमरेंकडेच राहायला आलेलो. भीतीने पारकरांचे दात वाजत होते, तरी त्यांना गंमत सुचली. "काय गमरे, आता बंदूक पाहिजे होती की नाय?"

गमरेंनी थोडा विचार केला. खरंच केला. मग मान हलवली. "नाही. माझा परवाना डुकरांसाठी आहे."

त्या जिन्याखाली, त्या भोंग्यात, आम्ही सगळे इतके हसलो की वरच्या पायऱ्यांवर बसलेला मल्याळी नर्सबाईंचा गट काय झालं म्हणून वाकून बघायला लागला. मी त्या दिवशी कान झाकायचेही विसरलो.

पंच्याण्णवच्या बैठकीत त्यांनी खरेदी जाहीर केली: बंदुकीला घालायला कातडी गवसणी. मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे अबू खलील नावाचा म्हातारा बसायचा. शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या टोप्या आणि त्यांना हातावर बसवायचे मोजे शिवणं हा त्याचा धंदा. हिंदी आमच्यापेक्षा झकास बोलायचा. मला भाऊंनी अक्षरं काढून द्यायला नेलं होतं.

"कितना लंबा?" अबू खलीलने विचारलं.

गमरे परेडला उभे राहावं तसे उभे राहिले, आणि हात कानाशी नेला. "इतना."

म्हाताऱ्याने जमिनीपासून कानापर्यंत फीत लावली आणि तिच्याकडे बघत बसला. "बंदूक है, या खजूर का झाड?"

"बंदूक है."

"किसका है?"

"मेरे बाप का. अब मेरा होगा."

"इंशाल्ला," अबू खलील म्हणाला, पण फितीकडे बघतच.

मला राहवेना. "भाऊ, नक्की ना? एकदा गावाला विचारून घेऊ या का?"

"मुकादम, माझा जन्म मापं घेण्यात गेलाय." झालं! पुढे बोलायची सोयच नव्हती. मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'शां. गमरे' लिहिलं, तर त्यांनी 'शां.' खोडायला लावलं. "नुसतं गमरे. बाबांचंही झालं, माझंही झालं." मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या त्या म्हाताऱ्याने कातड्यावर इतकं सुबक 'गमरे' उठवलं, की माझ्या हस्ताक्षराची मला लाज वाटली. आतून मऊ अस्तर, तोंडाला पितळी बक्कल. गमरेंनी ती घरी कपाटात टांगून ठेवली. रिकामी.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात गावाहून पत्र आलं, सोबत सरकारी नोटीस. मयताच्या वारसाने जानेवारीअखेर परवाना करून घ्यावा, नपेक्षा हत्यार सरकारजमा होईल. शेवटची संधी. आणि आमच्याकडे नेमकं शटडाउनचं काम लागलेलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद राहणार आणि त्याची झाडून सगळी गेजेस आमच्या दारात येऊन पडणार होती, मार्चपर्यंत. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, गमरे, एप्रिलमध्ये दोन महिने जा, पण आत्ता तुला सोडलं तर माझं दुकान बंद होईल.

संध्याकाळी गमरे माझ्या टेबलाशी आले. "राजीनामा टाइप कर."

"वेड लागलंय का तुम्हाला? सुजाताची दहावी आहे मार्चमध्ये! व्हिसा गेला तर पोरगी कुठे परीक्षेला बसेल?"

"टाइप कर म्हणतो ना."

मी म्हटलं रिबन संपलीय. साफ खोटं. त्यांनाही ते कळलं, कारण सकाळी त्यांनीच स्टोअरमधून नवी आणून दिली होती. तरी ते खुर्ची ओढून बसले. इतका ताठ माणूस, पण त्या दिवशी खांदे पडलेले होते. "सहा वर्षं बाबा खेटे घालत होते, मुकादम. वरच्या आळीच्या तिन्ही बंदुका अजून त्यांच्या घरात आहेत. आमची एकच, आणि ती माझ्या हातून सरकारजमा व्हायची."

काहीतरी करावं म्हणून मी त्यांच्या जुन्या अर्जाची फाईल काढली. तीनही अर्ज मीच टाइप केलेले. वाचता वाचता वारसांच्या रकान्यात बोट अडलं. तिथे माझ्याच टायपिंगमध्ये होतं: एक, सोनाबाई, पत्नी. दोन, शांताराम, मुलगा.

"भाऊ, पहिल्या नंबरावर कोण आहे?"

"आई."

"आई कुठे असते?"

"घरी. अजून कुठे?"

"शिपाई कधीही आला तरी?"

गमरेंनी फाईल स्वतःकडे ओढली आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एवढा काट्याकाट्याने मोजणारा माणूस, आणि एवढा दीडशहाणा मी, दोघांनी सात वर्षं तो एक नंबर टाइप केला आणि ओलांडून गेलो. मला त्या क्षणी माझीच शरम वाटली.

पण लगेच हो म्हणतील तर ते गमरे कसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, "मग मी कोण?"

"म्हणजे?"

"बंदूक बाबांची. मग आईची. मग मी कोण? दरवर्षी उभा राहून सांगतो ना, माझ्या नावावर म्हणून." भात चिवडत बसले. मग एकदम म्हणाले, "भरायची तीच. बाबा बार काढायचे, भरायची आई. अंधारात, पावसात, तिचा हात कधी चुकला नाही. मी बघितलंय. आणि सात वर्षांत मी तिला एकदा विचारलं नाही, तुला पाहिजे का म्हणून."

आईचा अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. सोबत दुसऱ्या वारसाचं नाहरकतपत्र लागत होतं, वकिलातीच्या शिक्क्यासकट. वकिलातीत जायच्या दिवशी गमरे टाय लावून आले. 'माझी काहीही हरकत नाही' ही ओळ त्यांनी तीनदा वाचली आणि सही केली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "हरकत होती. थोडी होती." मला त्यांचा त्या वेळी फार अभिमान वाटला होता, तो त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहितोय.

जानेवारीत माझी रजा होती. गवसणी, गज, तेलाची कुपी, सगळं माझ्या सामानात. गज मी कस्टमला पडद्याचा रॉड म्हणून सांगितला आणि दोन मिनिटांत बाहेर आलो. हे गमरेंना मी कधीच सांगितलं नाही.

शिपाई तीनदा येतो म्हणाला आणि एकदाच आला, पण सोनामावशी तिन्ही वेळा घरीच होत्या. चौकशी झाली. उरलं होतं ते फौजदारांसमोर बंदूक हाताळून दाखवणं. मी त्यांना घेऊन ठाण्यात गेलो. सत्तरीची बाई, पांढरं लुगडं निळ्या काठाचं, उंची माझ्या खांद्याएवढी. फौजदार तरुण होता. शिपायाने आतून बंदूक आणली, तिला चिठ्ठी बांधलेली, नळीवर गंज. मावशींनी तिच्यावरून आधी नुसता तळहात फिरवला, आजारी माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा.

"आजी, ही ठासणीची आहे," फौजदार म्हणाला. "काडतूस घालून चालत नाही."

"काडतूस कोन म्हनलं?"

"दारू नको. नुसतं कसं भरतात ते दाखवा."

त्या अंगणात खाली बसल्या. तेल मागितलं, नळी पुसली. मग मूठ उघडून दारूचं माप दाखवलं, ओतल्यासारखं केलं. इकडे तिकडे बघितलं, आणि उठून ठाण्याच्या दारातल्या काथ्याच्या पायपुसण्याचा एक पुंजका सरळ उपटून घेतला. शिपाई "अहो, अहो" करेपर्यंत तो नळीत गेला होता. गज घातला, तीन ठोके, कान देऊन आवाज ऐकला. "बसलं." बंदूक खांद्याला लावली, समोरच्या फणसाकडे रोखली आणि तशीच धरून ठेवली. हात हलला नाही. मी मनात आकडे मोजायला लागलो होतो, मधेच सोडून दिले.

"आता बार तुमी म्हना," त्या म्हणाल्या.

फौजदार खुर्चीतून उठला होता. "कोणी शिकवलं हो आजी?"

"शिकवतंय कोन? जनावर काय थांबतंय व्हय?"

अंगठ्यासाठी शिपायाने शाईचा पॅड पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "सही करतंय मी. शांतारामानं शिकवली, शाळंत व्हता तवा." एकेक अक्षर सावकाश काढून त्यांनी सही केली. परवान्यावर नाव लागलं, सोनाबाई गमरे.

मग मी मोठ्या दिमाखात गवसणी काढली. बंदूक आत सोडली तर ती धपकन तळाला गेली आणि वर दीड वीत कातडं लोंबायला लागलं. शिपाई हसला, "आजी, अजून एक मावंल की!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी हसल्या नाहीत. लोंबणारं कातडं हातात धरून त्या जरा वेळ बघत राहिल्या, मग शिपायाकडे सुतळी मागितली. बंदुकीला लावून मापली, दोन टोकांना गाठी मारल्या आणि सुतळी माझ्या खिशात घातली. "ही त्याला दे." आणि एक निरोप सांगितला.

परतताना एस.टी.त त्यांनी बंदूक मांडीवर आडवी धरली होती. बौद्धवाडी यायला दोन थांबे होते तेव्हा त्या उठल्या. मी म्हटलं, मावशी, अजून वेळ आहे. "मना ठाव हाय," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. दुपारची वेळ होती. गवसणीचं लोंबणारं तोंड मागे दुमडून, बंदूक खांद्यावर घेऊन त्या वरच्या आळीतून चालत निघाल्या, घाई नाही, मान वर. मी मागे पिशवी घेऊन. एका ओटीवरचा म्हातारा उठून उभा राहिला. का उठला ते मी विचारलं नाही.

बहरीनला परतलो त्या दिवशी गमरे एअरपोर्टवर आले होते. माहूजला पोचल्यावर वहिनींनी चहा ठेवला, सुजाता पुस्तक घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, पायपुसण्यासकट. मग सुतळी दिली.

"हे काय?"

"बंदुकीचं माप. गवसणी मोठी झाली, भाऊ. दीड वीत."

त्यांचा विश्वास बसेना. सुतळीचं एक टोक बुटाखाली दाबून दुसरं वर ओढलं. कानाकडे जायला निघालेला हात शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी थांबला.

"एवढीच?"

"एवढीच. आईने निरोप दिलाय. म्हणाल्या, त्याला सांग, माप चुकलं नाय. तवा तो तेवढाच व्हता."

गमरे सुतळी तशीच ताणून उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग विचारलं, "घरी कशी नेली?"

"खांद्यावर. दोन थांबे आधी उतरून."

"वरच्या आळीतून?"

"वरच्या आळीतून. भर दुपारी."

सुजाताने पुस्तक मिटलं. "आजी चालत गेली?" हे मात्र तिने मराठीत विचारलं.

त्या वर्षी डिसेंबराच्या बैठकीला मी नव्हतो. उन्हाळ्यातच मी बहरीन सोडलं, गावाला दुकान टाकलं. पण सुतळी दिली त्याच्या पुढच्याच शुक्रवारी नवी गवसणी सांगायला मुहर्रकला गेलो होतो त्यांच्यासोबत, आणि गमरे म्हटलं की मला दिसतात ते तिथले. बाजारामागच्या गल्लीत ताठ चालणारे, गळ्यापर्यंत बटणं, मुठीत सुतळी. अबू खलीलने ती फितीला लावून बघितली आणि खदाखदा हसला. "हां, ये है बंदूक! अब बोलो, किसका है?"

गमरे परेडला उभे राहावं तसे उभे राहिले.

"मेरी माँ का," ते म्हणाले, इतक्या मोठ्याने की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "नाम वही लिखना. गमरे."